आठ बाटल्यांची खिरापत

मृण्मयीसमोर टेबलावर आठ बाटल्या होत्या आणि एका वाटीत वालाचे एकसष्ट दाणे. दाणे तिने तीनदा मोजले होते. तिसऱ्यांदाही एकसष्टच भरले, तेव्हा तिने तो नाद सोडला. मोजून दाणे वाढत असते तर चंद्रावर शेती करण्याची इतकी यातायात कुणी केलीच नसती.

हो, चंद्रावरच. तिथल्या एका लांबलचक भुयारात शंभरेक माणसांची वसाहत होती. कधीकाळी त्या भुयारातून लाव्हा (तापून वितळलेला खडक) वाहून गेला होता. आता तिथे दिवे होते, हवेचे पंप होते, शाळा होती आणि दर रविवारी भजी तळल्याचा वासही असायचा. वसाहतीचं नाव ओसरी. पृथ्वीच्या घरातून बाहेर पडलं की पहिली लागते ती ओसरी, म्हणून ते नाव.

मृण्मयी अकरा वर्षांची होती आणि त्यातली सात वर्षं तिने ओसरीतच काढली होती. तिचे आईबाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला दुर्बिणीच्या कामावर असायचे, महिन्यातून एकदा यायचे. ती राहायची आजोबांजवळ. आजोबा यानांच्या वाटांचं गणित करायचे. आणि गेल्या वर्षापर्यंत घरात आजीही होती.

आजी म्हणजे कुंदा राऊत. मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी). चंद्रावरची धूळ ही माती नव्हे, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. धूळ म्हणजे काचेचा कोरडा चुरा. माती जिवंत असते, कारण तिच्यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) असतात. ते झाडाच्या मुळांशी मैत्री करतात आणि त्यांना खाऊपिऊ घालतात. म्हणून आजीने येताना आठ गावांच्या मातीतले जिवाणू वाळवून, त्यांची पूड करून आठ बाटल्यांतून आणली होती. अलिबाग, वाई, लोणार, जव्हार, जत, पैठण, राजापूर आणि भंडारा.

त्यातल्या तीन बाटल्यांची एकेक चमचा पूड तिने धुळीत कालवली आणि त्या धुळीत कडवे वाल उगवले! एकदा नाही, ओळीने चार हंगाम. दर हंगामाला दाणे चंद्राच्या धुळीला थोडे थोडे सरावत गेले. असे वाल आता पृथ्वीवरसुद्धा कुठे नव्हते.

पण कोणत्या तीन बाटल्या? आजी आठही पुडींवर सतत प्रयोग करायची, त्यामुळे कमी झालेली पूड पाहूनही काही कळत नव्हतं.

इथेच घोडं अडलं होतं. आजीने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. यामागे लपवाछपवी मुळीच नव्हती, होती ती भोंडल्याची खोड. ओसरीत दर आश्विनात भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. ज्यांच्या घरी भोंडला ते बंद डब्यात काहीतरी खाऊ आणणार, डबा कानाशी हलवून दाखवणार आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. आजीला हा खेळ इतका आवडायचा, की मृण्मयीने बाटल्यांबद्दल विचारलं तेव्हा ती डोळे मिचकावून म्हणाली, "खिरापत सांगायची नसते गं, ओळखायची असते. पुढच्या भोंडल्यापर्यंत ओळखलीस तर माझी वही तुझी."

तो भोंडला यायच्या आधीच आजी गेली. झोपेतच गेली, कुणाला काही न सांगता.

वही मृण्मयीला मिळाली. तिच्यात सगळं होतं. पाणी किती, उजेड किती, दाणे किती तास भिजवायचे. फक्त पूड कोणती घ्यायची त्या पानावर आजीने एका झाकणाच्या डब्याचं चित्र काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'तिघींचा एकेक चमचा.' ते पान पाहिलं की मृण्मयीला हसूही यायचं आणि लगेच रडूही.

आजी गेल्यावरही वाफा हिरवा होता, तोवर काही बिघडलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात वाफ्याखालची ऊब देणारी तार जळली. चंद्रावरची रात्र पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढी असते आणि तिथल्या थंडीला दयामाया ठाऊक नाही. वेल गोठले, जिवाणूही मेले. मग कोठ्याने नियमाप्रमाणे वाफा भट्टीत भाजून स्वच्छ केला. म्हणजे तिथे शोधायलाही काही उरलं नाही.

कोठ्या हा कोठीचं सामान सांभाळणारा यंत्रमानव. त्याला चार हात होते, एक चाक होतं आणि पहिल्या बाकावर बसून सारखा हात वर करणाऱ्या मुलाचा स्वभाव होता.

"कामतबाईंनी सांगितलं आहे," कोठ्या आत्ताही म्हणाला, "की शनिवारच्या यानाने दाणे पृथ्वीवरच्या बीजकोठारात पाठवायचे. तिथे ते थंडीत सुरक्षित राहतील."

"आणि इथे?"

"इथे त्या वाफ्याच्या जागी पाण्याची टाकी येईल."

मृण्मयीने वाटी जवळ ओढली. आजीचा वाफा म्हणजे आजीच होती थोडीशी. तिथे टाकी?

"आपण तीन-तीन बाटल्या मिसळून करून बघू ना," ती म्हणाली. "छोटे पेले घेऊ. प्रत्येक पेल्यात वेगळं मिश्रण आणि एक मोड आलेला दाणा. जो वेल हिरवा राहील ते आजीचं मिश्रण!"

"आठही पुडी एकत्र केल्या तर एकाच पेल्यात काम होईल," कोठ्याने सुचवलं.

"आजीने केलं होतं तसं. वहीत आहे. आठही जिवाणू एकमेकांवर उठतात आणि वेल मरतो. 'आठ सुना एका चुलीवर' असं लिहिलंय तिने."

"नोंद केली."

"तू हिशेब सांग. आठांतून तीन बाटल्या एकामागून एक काढायच्या, तर किती प्रकारे काढता येतील?"

कोठ्याला अशा प्रश्नाने फार आनंद व्हायचा. त्याच्या छातीवरचा दिवा निळा झाला. "तीनशे छत्तीस."

मृण्मयीने वाटीकडे पाहिलं. एकसष्ट. तीनशे छत्तीस पेल्यांना तीनशे छत्तीस दाणे हवेत. तिने वाटीवर झाकण ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

आजोबा कामावरून आले तेव्हा ती तशीच बसली होती. त्यांनी दोन कप चहा केला, एक तिच्यापुढे सरकवला आणि मगच म्हणाले, "कितीला अडलीस?"

"तीनशे छत्तीसला."

"बरं. हे तीनशे छत्तीस आले कुठून? कोठ्याने सांगितलं म्हणून मान्य करू नकोस. तू सांग."

मृण्मयीने एक बाटली उचलली. "पहिली बाटली काढायची तर... आठांतली कुठलीही. म्हणजे आठ प्रकार."

"पुढे?"

"ती बाजूला ठेवली की सात उरतात. म्हणजे पहिल्या प्रत्येक निवडीपुढे सात वाटा फुटतात. आठ साते छप्पन्न." ती सरळ बसली. "मग उरतात सहा. छप्पन्न सक... छप्पन्न गुणिले सहा. तीनशे छत्तीस. बरोबरच आहे हो आजोबा!"

"गुणाकार बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "ह्याला म्हणतात क्रमचय (वस्तू क्रमाने मांडण्याचे प्रकार). क्रम म्हणजे आधी कोण, मग कोण. आता मला सांग, फोडणीत आधी काय घालतात?"

"मोहरी. ती तडतडली की हिंग, मग हळद."

"आणि आधी हळद घातली तर?"

"जळेल की! मोहरी तडतडेपर्यंत काळी होऊन जाईल."

"म्हणजे जिनसा त्याच तीन, पण क्रम बदलला की फोडणी बदलली. तीन जिनसांचे किती क्रम होतात?"

मृण्मयीने अलिबाग, वाई आणि लोणार या तीन बाटल्या पुढे ओढल्या आणि रांगा लावून बघितल्या. अलिबाग-वाई-लोणार. अलिबाग-लोणार-वाई. मग वाई पुढे घेऊन दोन, लोणार पुढे घेऊन दोन. "सहा. तीन गुणिले दोन गुणिले एक."

"त्याला तीनचं क्रमगुणित म्हणतात (त्या संख्येपासून खाली एकापर्यंत सगळ्या संख्यांचा गुणाकार)."

"पण त्याने काय होणार?" मृण्मयीने बाटल्या मागे सारल्या. "दाणे एकसष्टच राहणार."

आजोबा वही चाळत होते. डब्याच्या चित्रापाशी त्यांचा हात थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मृण्मयीही चित्राकडे बघत राहिली. कडीचा, गोल झाकणाचा तो स्टीलचा डबा तिने शंभरदा पाहिला होता. वाफ्यापाशी पाठमोरी, उकिडवं बसून आजी त्यात पूड घालायची, झाकण लावायची, मग...

मृण्मयी ताडकन उठली. उठली ती चंद्रावरच्या कमी गुरुत्वामुळे हातभर हवेतच गेली.

"आजोबा! ती हलवायची! डबा कानाशी धरून हलवायची, खिरापतीसारखा! 'वाजतंय का बघ' म्हणायची मला!"

फडताळात तो डबा अजून होता. तिने त्यात मूठभर पोहे घातले, मग शेंगदाणे, मग डाळं. झाकण लावून जोरात हलवला आणि कोठ्यापुढे उघडून धरला. चंद्रावर सगळंच निवांत खाली येतं, त्यामुळे दोन-चार पोहे बराच वेळ तरंगत होते.

"कोठ्या, तुला चार डोळे आहेत. सांग, यात आधी काय घातलं होतं?"

कोठ्याने चारही डोळे डब्यात घातले. "पोहे, शेंगदाणे आणि डाळं आहेत."

"ते मलाही दिसतंय. आधी काय पडलं?"

कोठ्याचा दिवा निळ्याचा पिवळा झाला. "सांगता येत नाही. मिश्रणात क्रमाची खूण उरलेली नाही."

"नाहीच उरत!" मृण्मयीने टाळी वाजवली. "ही फोडणी नाहीये आजोबा, ही खिरापत आहे. अलिबाग-वाई-लोणार म्हण नाहीतर लोणार-वाई-अलिबाग म्हण, डबा हलवला की पूड एकच. कोठ्याने एकच मिश्रण सहा-सहा वेळा मोजलंय!"

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला होता, पण ते मुद्दाम गप्प राहिले, कारण कुणाच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेऊ नये हे त्यांना कळत होतं.

"म्हणजे तीनशे छत्तीस भागिले सहा," मृण्मयी म्हणाली. तिने बोटाने टेबलावर भागाकार केला. एकदा केला, मग परत केला. "छप्पन्न."

वाटीवरचं झाकण तिने हळूच काढलं. छप्पन्न पेले. एकसष्ट दाणे. पाच उरतात!

"क्रम सोडून नुसती निवड मोजली की त्याला म्हणतात समचय (वस्तू निवडण्याचे प्रकार)," आजोबा म्हणाले. "आधी क्रम धरून मोजायचं आणि मग एकच निवड जितक्यांदा मोजली गेली तितक्यांनी भागायचं. झालं."

"मी चुकलो नव्हतो," कोठ्या म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं की काय, कोण जाणे. "मला 'एकामागून एक काढायच्या' असं विचारलं होतं. एकामागून एक काढण्याचे प्रकार तीनशे छत्तीसच आहेत."

"खरं आहे रे. तुझं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्नच चुकला." मृण्मयीने त्याच्या एका खांद्यावर थोपटलं. "पण थांब. छप्पन्न खरंच का, ते छोट्यावर तपासू. चारच बाटल्या घेते. चारांतून तीन. गुणाकाराने चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. भागिले सहा, चार. आता हाताने करते."

तिने चार बाटल्या मांडल्या आणि तीन-तीन निवडून पाहू लागली. दुसऱ्याच निवडीला तिला हसू फुटलं. "आजोबा, तीन निवडायच्या म्हणजे एक मागे ठेवायची! चारांपैकी कुठली मागे ठेवायची एवढाच प्रश्न. म्हणून चार!"

"हे मी सांगणार नव्हतो," आजोबा म्हणाले. "तुझं तूच काढलंस. आता चहा पी, गार झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामतबाई आल्या. वसाहतीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती, त्यामुळे त्या नेहमी थोड्या घाईत आणि थोड्या काळजीत असायच्या. मृण्मयी त्यांना मावशी म्हणायची. तिने मांडलेला हिशेब त्यांनी नीट ऐकून घेतला.

"शाबास," त्या म्हणाल्या. "पण छप्पन्न दाणे भिजवायचे म्हणजे? एकदा मोड आले की दाणा परत वाटीत जात नाही. काही चुकलं तर हे वाल कायमचे गेले. मृण्मयी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात शहाणपण नाही. मला एक सांगा काका, कुंदाताईंचं माहेर अलिबागचं ना?"

"अलिबागचंच," आजोबा म्हणाले. "वालही तिकडचेच. अलिबागची बाटली असणारच त्यात. उठताबसता माहेरच्या मातीचं कौतुक. आणि जतची नसणार, हे मी लिहून देतो. जत माझं गाव. चाळीस वर्षं ऐकतोय, 'तुमच्या गावच्या मातीत कुसळं सोडून काय उगवतं?'"

"मग झालं की!" कामतबाई कोठ्याकडे वळल्या. "अलिबाग धर, जत सोड. किती?"

"अलिबाग नक्की असेल तर उरलेल्या सातांतून दोन निवडायच्या," कोठ्या म्हणाला. "सात सक बेचाळीस, भागिले दोन, एकवीस. जतही वगळली तर सहांतून दोन. सहा पाचे तीस, भागिले दोन, पंधरा."

"पंधरा दाणे पेरा, शेहेचाळीस यानाने पाठवा. मृण्मयीचंही मन राहील आणि वालही राहतील."

बोलणं मृण्मयीलाही समंजस वाटलं. आजोबाही मान डोलावत होते. पंधरा पेले, आणि शेहेचाळीस दाणे सुखरूप! पण तिच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. तिने डोळे मिटले. तिला आजी होती तेव्हाचे भोंडले आठवले. सगळे फेर धरून दमलेले आणि आजी डबा हलवत मध्ये उभी.

"मावशी," ती म्हणाली, "आजीची खिरापत तुम्ही कधी ओळखलीत?"

कामतबाई हसल्या. "नाही बाई. कुणीच नाही ओळखली कधी."

"का नाही ओळखली? सगळे म्हणायचे, कुंदाताईंना करंज्या आवडतात, करंज्या असतील. नारळीपाक असेल. आणि डब्यातून निघायचे भिजवलेले हरभरे! एका वर्षी तर तिला मुळीच न आवडणारा मुळ्याचा चटका निघाला होता." तिने वहीवर हात ठेवला. "तुम्ही दोघं आत्ता तेच करताय. आजीला काय आवडायचं ते सांगताय. वालाला काय आवडतं ते आपल्याला ठाऊकच नाही. अंदाज करायचा तर पंधरा पेले पुरतील, पण अंदाज चुकला तर ते पंधरा दाणे फुकट जातील आणि खरं मिश्रण पेल्यात उतरणारच नाही. छप्पन्न केले तर त्यातलं एक आजीचं असणार. असणारच. कारण त्याबाहेर निवडच नाही."

कामतबाईंनी वाटीतला एक दाणा उचलून परत ठेवला.

"आणि पाच दाणे यानाने पाठवू," ती हळूच म्हणाली.

कामतबाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आपल्या बायकोच्या वहीकडे पाहिलं. "तिचीच नात आहे," ते म्हणाले. "मला वाटतं, हिचं ऐकावं."

शनिवारी पाच दाणे एका कुपीतून यानात चढले. उरलेले छप्पन्न मृण्मयीने कोमट पाण्यात भिजत घातले.

छप्पन्नही दाण्यांना मोड आले. छप्पन्न पेल्यांवर कोठ्याने नावं लिहिली. प्रत्येक मिश्रण आधी आजीच्या डब्यात हलवलं गेलं, पुढच्यासाठी डबा दर वेळी उकळत्या पाण्यातून काढला गेला आणि मगच पूड पेल्यात पडली. पहिले चार दिवस सगळेच पेले हिरवे होते, कारण दाण्यात स्वतःची शिदोरी असते. पाचव्या दिवसापासून पानं पिवळी पडू लागली. सातव्या दिवशी वीस वेल माना टाकून बसले. मृण्मयी शाळेतून पळत यायची आणि पेल्यांपुढे बसायची. सगळी ओसरीच देव पाण्यात घालून बसली होती. अलिबागच्या एकवीस पेल्यांवर आजोबांची नजर जरा जास्तच फिरायची.

नवव्या दिवशी अलिबागचा शेवटचा पेलाही पिवळा पडला.

आजोबा खुर्चीत बसले. त्या दिवशी ते जेवलेही थोडंच. मृण्मयी मात्र दर सकाळी एकेक पेला उजेडात धरून पाहायची आणि वहीत लिहायची.

बाराव्या दिवशी ती शेहेचाळिसाव्या पेल्यापाशी थांबली. तिने तो परत उचलला. पानं हिरवी होती. नुसती हिरवी नाहीत, शेंड्याला तिसरं पान फुटत होतं. बोटभर वेल काडीला धरून वर निघाला होता. तिने पेला फिरवून नाव वाचलं, आणि मग तो आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी चष्मा वर सरकवला. जव्हार. लोणार. जत.

"जत?" ते म्हणाले. "जत?"

आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचा चष्मा धूसर झाला. "चाळीस वर्षं नावं ठेवली माझ्या गावाला! चाळीस वर्षं! आणि गुपचूप माझ्याच गावची माती घालून बसली होती, लबाड कुठली!" मृण्मयीने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि दोघंही एकदमच हसत आणि रडत राहिले. पेला मात्र आजोबांनी जराही कलू दिला नाही.

कोठ्याने त्याच दिवशी पिवळ्या पेल्यांमध्ये त्या तीन बाटल्यांची पूड घातली. आशा थोडीच होती, पण त्यांतल्या नऊ वेलांनी पुन्हा मान वर केली. टाकी दुसरीकडे गेली, वाफा राहिला.

पुढच्या आश्विनात भोंडला मृण्मयीच्या घरी झाला. पाटावर तिने हत्ती काढला, पाच मुलांनी फेर धरला आणि गाणी संपल्यावर तिने आजीचा डबा कानाशी हलवला. आवाज जड आणि मऊ आला. कुणी शिरा म्हणालं, कुणी भात म्हणालं. कुणालाच ओळखता आलं नाही. झाकण काढलं तेव्हा वालाच्या बिरड्याचा वास सगळ्या भुयारात पसरला. कामतबाईंनी दोनदा वाढून घेतलं.

सगळे गेल्यावर मृण्मयीने वही उघडली. डब्याच्या चित्राखाली तिने तीन गावांची नावं लिहिली, ठळक अक्षरांत. खाण्याची खिरापत ओळखायची असते, पण ही खिरापत लिहून ठेवायला हवी होती, हे तिने आजीला मनातल्या मनात सांगितलं. रागावून नाही सांगितलं.

मग ती नव्या खोक्याकडे वळली. कालच्याच यानाने आणखी सात गावांची पूड आली होती. म्हणजे आता पंधरा बाटल्या झाल्या. आणि शेजारच्या बरणीत वालाचे दोन हजारांवर दाणे होते.

"कोठ्या," ती म्हणाली, "आता पंधरांतून तीन. याहून चांगलं मिश्रण सापडतं का बघू. किती पेले लागतील?"

कोठ्याचा दिवा निळा झाला. मग त्याने स्वतःच तो पिवळा केला आणि चारही हात मागे घेतले.

"आधी मला सांग," तो म्हणाला, "डबा हलवणार आहेस ना?"